उलट्या मेंदूची डावी बाजू

मोठे सर बादलीत उलटे टांगलेले होते. म्हणजे त्यांचा मेंदू. ताजा मेंदू कुठे टेकवून ठेवला तर आपल्याच वजनाने चपटा होतो, म्हणून त्याच्या बुडाच्या रक्तवाहिनीखालून दोरा ओवून तो फॉर्मॅलिनमध्ये लोंबकळत ठेवतात. हे सरांनीच शिकवलेलं. जन्मभर शरीररचना शिकवून हौस फिटली नव्हती, म्हणून देहदान करून पुन्हा विभागात हजर.

त्याचे काप करायचं काम त्यांच्या लाडक्या विद्यार्थ्याकडे आलं होतं. मुलं त्याला सुरीसर म्हणत. सर बादलीत आल्यापासून सुरीसर स्वतःच्याच खोलीत दार वाजवून शिरत.

त्या दुपारी काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आल्या.

"कापायच्या आधी मला एक बघून सांग. झटका आल्यावर ह्यांच्याकडे 'नाही' हा एकच शब्द उरला होता. चहा हवा का? नाही. आणि दोन कप प्यायचे."

"मला ओळखलंत का विचारलं, तर मलाही नाहीच म्हणाले होते."

"शेवटी शेवटी मी विचारलं, लेकीला बोलावू का? तिच्या लग्नापासून घरात तिचं नाव निघत नव्हतं. म्हणाले, नाही. झटक्याआधीही हेच म्हणायचे, म्हणून मला ते खरं वाटलं. नाही बोलावलं तिला. आता घरातलं कुठलंही दार उघडलं की आतून 'नाही' ऐकू येतं. फ्रिजचंसुद्धा."

सुरीसर हसले नाहीत. त्यांनी हातमोजे चढवले, दोरा धरून मेंदू अलगद वर घेतला आणि ट्रेमध्ये तसाच उलटा ठेवला.

"बोलण्याची जागा डावीकडे, कपाळामागे. तिथे इजा असेल तर तो शब्द नुसताच तोंडात अडकलेला. नसेल तर..." त्यांनी वरचा पातळ पडदा सोलून बोट फिरवलं. वळ्या घट्ट होत्या. "इथे तर काहीच झालेलं नाही, काकू."

काकू स्टुलावर बसल्या. "म्हणजे नाही म्हणजे नाहीच," त्या म्हणाल्या आणि त्यांचे खांदे सैल पडले. "सुटले रे बाबा."

तेवढ्यात सुरीसरांच्या लक्षात आलं की मेंदूचा देठ आपल्याकडे तोंड करून आहे. उलट्या मेंदूची डावी बाजू बघणाऱ्याच्या उजव्या हाताला येते. पहिल्या वर्षाची पोरं ही चूक करत, आणि सर त्यांना वर्गाबाहेर काढत.

त्यांनी दुसरी बाजू चाचपली. पुढे अंगठा बुडेल असा तपकिरी खड्डा. मागे, कानाच्या वर, बोललेलं समजण्याची जागा मात्र शाबूत.

गप्प बसता आलं असतं. पण समोर सर होते.

"काकू, माझी बाजू चुकली." त्यांनी खड्डा दाखवला. "त्यांना तुमचं सगळं समजत होतं. दुसरा शब्द निघत नव्हता, एवढंच."

"मग त्यांचं उत्तर काय होतं?"

"ते कापून दिसत नाही."

काकूंनी वाकून खड्डा पाहिला. "मघाचंच बरं होतं रे."

सुरीसरांनी मेंदू परत बादलीत सोडला. काकू उठल्या, चष्मा सारखा केला आणि बादलीवर वाकल्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "लेकीला बोलावू का?"

दोरा जरासा फिरला आणि थांबला. काकूंनी वाट पाहिली. सुरीसरांनीही पाहिली, शरीररचनेच्या प्राध्यापकाला शोभणार नाही इतका वेळ.