चप्पल कशाला म्हणावं

धंतोलीतल्या त्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये सगळेच चपला दाराबाहेर काढून आत येत. त्यामुळे तिथल्या फिजिओथेरपिस्ट उत्तराला तीन आठवडे काही कळलं नाही.

बायजाबाई कळमेश्वरच्या एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करत. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की उजव्या टाचेत खिळा ठोकल्यासारखं होई. अधीक्षिकेने सांगून टाकलं होतं : दोन महिन्यांत ओट्याशी उभं राहता आलं नाही, तर दुसरी बाई पाहू.

उत्तराने भिंतीला हात टेकून पोटरी ताणायला शिकवलं, पायाची बोटं मागे ओढून तळवा ताणायला शिकवलं, गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायला सांगितली. बायजाबाई सगळं मोजून करत. तरी दुखणं दहापैकी आठ होतं, ते आठच राहिलं.

"मऊ चप्पल सांगितली होती, ती घरातही घालता ना?"

"घरात काहून? बाहेरही नाही घालत. देवीले बोलली ना मी. टाच बरी होत नाही तोवर पायात चप्पल घालणार नाही म्हणून."

उत्तराने हातातलं पेन खाली ठेवलं. "कळमेश्वरहून इथे अनवाणी येता?"

"एसटीनं येऊन राहिली ना म्याडम, पायी थोडीच!"

"हा नवस सोडता नाही येणार?"

"अर्ध्यात सोडला तं टाच राहीन का जागेवर?"

देवीशी वाद घालायचं शिक्षण उत्तराला मिळालं नव्हतं. व्याख्या तपासायचं मिळालं होतं.

"नेमकं काय बोललात? बूट म्हणालात?"

"बूट कधी घातले मी जन्मात, तं म्हणू?"

"मोजे?"

"तुम्ही तं वकील निघाल्या वं बाई!"

उत्तराने टाचेखाली ठेवायची सिलिकॉनची गादी काढली आणि तळाला रबराचे ठिपके असलेल्या, न घसरणाऱ्या मोज्यात बसवली. "ही चप्पल आहे?"

बायजाबाईंनी मोजा उलटसुलट करून पाहिला, दाबला, वास घेतला. "पट्टा नाही हिले," त्या म्हणाल्या. "चप्पल नाही."

पाच आठवड्यांत आठाचे दोन झाले. ठरल्या दिवशी अधीक्षिकेसमोर बायजाबाईंनी साठ मुलींच्या पोळ्या उभ्याने लाटल्या. नोकरी राहिली.

त्या प्रसाद घेऊन आल्या. नव्या चपला दाखवायच्या होत्या, म्हणून दाराबाहेर न ठेवता दुसऱ्या हातात आणल्या होत्या.

"देवीनं ऐकलं."

"आणि व्यायाम?"

"तेही केले ना. आपण मेहनत करून राहिलो, हे देवीले दिसलं पाहिजे ना!"

पुढच्या सोमवारी बाकावर कळमेश्वरच्या तीन बाया बसल्या होत्या. तिघींचीही टाच दुखत होती. उत्तराने आधी दाराबाहेर डोकावून पाहिलं. तिथे एकही चप्पल नव्हती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"टाच का चप्पल?" पहिली म्हणाली. "चप्पल कालच सोडली. बायजाबाई म्हणे, पहिले नवस बोल, मंगच म्याडमकडे जा. नाहीतं गुण येत नाही."