सतरावा पॅच

"हा सतरावा कुणी काढला?"

नान्तेझाने लॅपटॉप गर्रकन फिरवून कावेसीसमोर आदळला. कंपालाच्या ऑफिसातली मीटिंग अजून सुरूही व्हायची होती. कावेसीला साहेब होऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

"मॅडम, आधी बसा तरी."

"नाही बसत. काढणाऱ्याचं नाव वाचा. तारीख वाचा. त्या दिवशी मी गावी, मसाकाला, आईला माती देत होते."

त्यांची कंपनी लसींच्या फ्रीजवर बसवायची पेटी बनवायची. फ्रीज तापला की पेटीने नर्सला मेसेज धाडायचा, एवढंच तिचं काम. पेटीच्या मुळाशी चालणारा प्रोग्रॅम म्हणजे कर्नेल. जगभरची माणसं तो रोज बदलत असतात, पण कंपनीच्या स्वस्तातल्या सर्किट बोर्डावर तो जसाच्या तसा चालत नसे. म्हणून नान्तेझाने सात वर्षांत एकतीस दुरुस्त्या, म्हणजे एकतीस पॅच, लिहिले होते. दर सोमवारी ताजा, अजून घडत असलेला कोड उतरवायचा आणि त्यावर सगळे पॅच बसवून पाहायचे. चार-पाच हटकून बसत नसत. ते मग आठवडाभर नव्याने बेतायचे. हे काम कुणाला दिसत नसे. चुकलं तरच दिसे.

वीज लुकलुकली की तापमान मोजणारा भाग अडकायचा. सतरावा पॅच त्याला सोडवायचा. तो नसला, तर पेटी शेवटचा आकडाच दाखवत राही.

"ताज्या कोडवर तो बसेना," कावेसी म्हणाला. "पेट्या पाठवायच्या होत्या. बाकीचे तीस बसले ना! मला वाटलं, एवढ्या नव्या कोडात ते दुरुस्त झालंच असेल."

"वाटलं? फोन करायचा होता मला!"

"मयताच्या घरी?"

"हो, मयताच्या घरी! किटगुमच्या दवाखान्यात अकरा दिवस पेटी 'चार अंश' सांगत बसली आणि आत लस उकडत होती. तीच पोरांना टोचली. आणि रिपोर्टात तुम्ही काय लिहिता? 'नान्तेझा यांच्या पॅचमधील दोष'!"

"कुणाचं तरी नाव लागतंच. तुम्ही जुन्या आहात, तुम्हाला कोण काढतंय?" त्याने रिपोर्टाचा कागद पुढे सरकवला. "करा सही."

तिने पेन उचललं आणि त्या ओळीवर अशी रेघ ओढली की कागद फाटला.

"आता खुशाल काढा. पण आधी किटगुमला गाडी द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दवाखान्यात पोचली, तर सिस्टर आचान दारातच कडाडली. "तुम्हीच ना पेटीवाले? पोरांना पुन्हा टोचायला आणा म्हणून एकशे चाळीस आयांच्या घरी पायी गेले मी. एक म्हणाली, 'मागच्या वेळी काय पाणी टोचलंस?' काय सांगू तिला? बोला ना!"

कावेसीचं नाव नान्तेझाच्या अगदी ओठांवर आलं. पण या बाईला त्या नावाचं काय करायचं होतं?

"सांगा, पेटी खोटं बोलली," ती म्हणाली. "पेटी आमची आहे."

तिने सतरावा पॅच घातलेला प्रोग्रॅम चढवला. सिस्टरसमोर दहा वेळा पेटीची वायर उपटली, दहा वेळा लावली. मग रिकाम्या फ्रीजचं दार उघडं ठेवलं. आकडा हलला. चार. सहा. नऊ. सिस्टरच्या खिशातला फोन वाजला. मेसेज वाचून सिस्टर बर्फाच्या डब्यातून नव्या लसीचा ट्रे उचलून बाहेर गेली.

ओसरीवर रांग लागली होती. पहिल्याच बाईच्या मांडीवर दीड वर्षाची पोर होती. ट्रे दिसताच पोरीने आपला दंड दुसऱ्या हाताने झाकून घेतला.