बाजेखालची शेगडी

लातूरच्या क्लासमध्ये मी सात वर्षं बायोलॉजी शिकवते. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पट घट्ट चिकटतो, हे पोरांकडून घोकून घेते. आणि बाळंतपणाला कंधारजवळ माहेरी आले, तर धोंडाबाई आत्यानं बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली, वारं लागू नये म्हणून खिडकीत पोतं कोंबलं, दार लावलं, आणि मी निमूट पडून राहिले. माहेरी आलं की शिकलेल्या बाईची अक्कल कुठं जाते कोण जाणे.

नवव्या दिवशी सकाळी डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं. लेक दूध ओढेना, हलवली तरी डोळे उघडेना. शेजारी बसलेली आत्या कपाळ दाबत म्हणाली, "माझं बी डोस्कं धरलंय. नजर लागली घराला."

एकाच खोलीतल्या तिघींना? तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरीला घेऊन भिंत धरत अंगणात आले.

भावानं, सत्यमनं, बोटाला ऑक्सिमीटर लावला. "ताई, नव्याण्णव दाखवायलंय. काही न्हाई झालं."

"त्या यंत्राला शेगडीचा वायू आणि ऑक्सिजन यातला फरक कळत नाही. गाडी काढ."

आत्या आडवी आली. "ओल्या बाळंतिणीला वारं लागलं तर जल्माचं दुखणं हाय."

"आत्या, सरक." आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी असं बोलले आणि तिलाही गाडीत बसवलं.

नांदेडच्या दवाखान्यात तिघींना ऑक्सिजन लावला. रक्ताच्या तपासणीत तोच वायू निघाला. साध्या हवेत त्यातला अर्धा बाहेर पडायला चार-पाच तास लागतात, ऑक्सिजनवर तास-दीड तास. श्वासातून आलेला श्वासातूनच जातो. दोन तासांनी लेक रडली, तशी मीही रडले.

आत्याला दुसऱ्याच दिवशी घरी सोडलं. चार दिवसांनी मी लेकीला घेऊन आले, तर तिनं शेगडी पेटवून ठेवलेली, खिडकीत पोतं तसंच. मी शेगडी फरफटत अंगणात आणली.

आत्या म्हणाली, "आमी समद्या ह्याच खोलीत शेकलो."

"आणि जे उठले नाहीत, त्यांना नजर लागली म्हणालात."

बोलून गेल्यावर आठवलं. आत्याचा थोरला मुलगा जन्मल्यावर अकराव्या दिवशी याच खोलीत गेला होता. मला वाईट वाटलं, पण शब्द मागं घेतले नाहीत.

 आत्या आत गेली, खिडकीतलं पोतं ओढून काढलं आणि शेगडीवर टाकलं.

"त्यो बी दूध वढत नव्हता," ती म्हणाली.