लघवीचा त्रास

कापसाचा बोळा आधी गुलाबी झाला, मग लाल... डॉक्टरीणबाईंनी तो स्टीलच्या ट्रेमध्ये टाकून दुसरा घेतला, आणि म्हाताऱ्याने नजर भिंतीवरच्या तक्त्याकडे वळवली. तक्त्यावर कुत्र्यांच्या जाती होत्या. गल्लीत वाढलेली ठिपकी त्यातल्या कुठल्याच जातीची नव्हती.

"आजोबा, इकडे बघा. शेपटी नीट धरा."

त्याने धरली. लालभडक, फुटलेलं, मुठीएवढं काहीतरी – आणि हे घेऊन ती रोज त्याच्या पायाशी निमूट झोपत होती.

"गाठ आहे. नर-मादीच्या संबंधातून लागते. गंमत म्हणजे या पेशी हिच्या नाहीतच. हजारो वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा कुत्र्याच्या. तो केव्हाच मेला, पेशी एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिल्या."

एरवी त्याने हे घरी जाऊन पुस्तकांत शोधलं असतं.

"इंजेक्शनांनी अशा गाठी बहुतेक बऱ्या होतात. पण हिच्या अंगात रक्तच उरलं नाहीये. कधीपासून जातंय?"

"आठवडा... दहा दिवस."

खरं तर दोन महिने. फरशीवरचे थेंब पुसताना ते कुठून येतात हे त्याला कळत होतं. पण लेकीच्या वयाच्या बाईसमोर तसं कसं बोलायचं, म्हणून तेव्हा दवाखान्याच्या खिडकीतूनच कंपाउंडरला सांगितलं – लघवीचा त्रास आहे. त्याने गोळ्या दिल्या. साठ दिवस त्या पावात खुपसून भरवल्या, आणि ती विश्वासाने खात राहिली.

बायकोही एकदा न्हाणीघराच्या दारातून म्हणाली होती, "अहो, पाळी जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आता परत..." त्याने पुस्तकाचं पान उलटलं होतं. उलटलं होतं, की नुसतंच धरून ठेवलं होतं? तिने पुन्हा विषय काढला नाही. पुढे तिच्या डॉक्टरांनीही हेच विचारलं – कधीपासून? तेव्हा तो म्हणाला होता, कल्पना नाही.

"आठवडाच असेल तर आधी रक्त भरून येऊ दे, मग इंजेक्शन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जुनं असेल तर थांबण्यात अर्थ नाही, आजच द्यायला हवं. सोसेलच असं नाही. नक्की आठवडाच ना?"

ठिपकीने त्याचं मनगट चाटलं.

"दोन महिने," तो म्हणाला. "योनीतून."

बाईंनी नुसती मान हलवली आणि त्या बाटली काढायला वळल्या. आता मेल्याहून मेल्यासारखं होईल म्हणून तो वाट पाहत राहिला. काहीच झालं नाही. इतकं सोपं होतं हे... तोंड उघडलंच आहे तर सगळं सांगून टाकावं, ते दार, ते पान – शब्द जिभेवर अगदी तयार होते, आणि ते जिच्या कामी आले असते ती आता या जगात नव्हती.