तेविसावा पाय

अंडी उबवायच्या यंत्रांत बसणारे बोर्ड त्या कारखान्यात तयार होत. बोर्डावरच्या चिपला अठ्ठेचाळीस पाय, मुंगीच्या पायांसारखे. त्यांना सोल्डरचा, म्हणजे वितळलेल्या धातूचा, डाग द्यावा तो मिस्त्रींनीच. वाचायला ते चाळिशीनंतर शिकले, पण मोजणी आधीपासून पक्की. चिपच्या कोपऱ्यात ठिपका असतो, तिथून एक, दोन, तीन. त्यांच्या लेखी दुसरी मोजणी जगात नव्हती.

त्यांची भाची, थोरल्या बहिणीची मुलगी, तिथेच कामाला होती. मिस्त्रींनीच मालकांकडे शब्द टाकला होता. ती ड्रायव्हर लिहायची, म्हणजे कुठल्या पायातून कधी वीज सोडायची हे चिपला सांगणारा प्रोग्रॅम. आल्यापासून तिचं एकच पालुपद.

"मामा, एकाच पायाला आपल्याकडे दोन-दोन आकडे आहेत. तू ठिपक्यापासून मोजतोस. चिपवाल्यांचं पुस्तक शून्यापासून मोजतं, तेही उड्या मारत. आधीचा माणूस ड्रायव्हरमध्ये कधी हा आकडा लिहून गेला, कधी तो. आपण आकडे सोडूनच देऊ. पंख्याच्या पायाला पंखा म्हणू, हीटरच्या पायाला हीटर. तुझ्या तारजोडणीच्या नकाशात, बोर्डावर, ड्रायव्हरमध्ये सगळीकडे तेच. एक दिवस माझ्याजवळ बस, यादी करून टाकू."

"पायांना लाडाची नावं ठेवत बसायला मला वेळ नाही," मिस्त्री म्हणाले.

वेळ होता. पण कालपर्यंत आपलं बोट धरून चालणारी पोर आपल्याला शिस्त लावणार, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

पुढे नवा बोर्ड आला. त्यात मिस्त्रींनी पंख्याची तार सोयीसाठी दुसऱ्या पायावर घेतली आणि जाता जाता भाचीला सांगितलं, "पंखा आता तेवीसवर."

"तेवीस तुझ्या मोजणीतला की पुस्तकातला?"

चार माणसं ऐकत होती. मिस्त्रींना वाटलं, ही आपली परीक्षा घेतेय. ते म्हणाले, "तेवीस म्हणजे तेवीस. तुमच्या कॉलेजात तेवीस वेगळा असतो का?"

सगळे हसले. भाचीही ओठ दाबून हसली, खाली मान घालून जागेवर गेली. ड्रायव्हरचा तो भाग पुस्तकाच्या आकड्यांत होता, म्हणून तिने पुस्तकातला तेवीस धरला. त्या पायाला काहीच जोडलेलं नव्हतं.

यंत्र त्याच दिवशी पाठवायचं होतं. ती म्हणाली, "मामा, तासभर माझ्या प्रोग्रॅमवर चालवून बघू."

"पंखा मी तपासलाय. गरगर फिरतो."

फिरत होता हे खरं. पण मिस्त्रींनी तो थेट तार लावून फिरवला होता, नेहमीसारखा. ड्रायव्हरच्या सांगण्यावरून तो एकदाही फिरला नव्हता.

तीन आठवड्यांनी यंत्र घेतलेल्या बाई कारखान्यात आल्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. यंत्रातून काढलेला बोर्ड आणि अंड्यांचा एक ट्रे टेबलावर ठेवला आणि एक अंडं फोडून दाखवलं. आत पिलू पुरतं तयार झालेलं होतं, पिसांसकट. "अशी बाराशे," त्या म्हणाल्या. "पंखा पहिल्यापासून फिरलाच नाही. उन्हाळा चढला आणि आतल्या आत भाजली."

त्या गेल्यावर मालकांनी दोघांना समोर उभं केलं. "चूक कोणाची?"

मिस्त्रींना एक वाक्य बोलायचं होतं: तिने विचारलं होतं, मी सांगितलं नाही. मिस्त्री टेबलावरची टरफलं गोळा करू लागले. भाची त्यांच्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती.

"माझी," शेवटी तीच म्हणाली. "लिहून घ्यायला हवं होतं."

मालकांनी तिच्याकडून ड्रायव्हरचं काम काढून घेतलं आणि तिला खोकी मोजायला बसवलं. दीड महिन्यात ती दूरच्या गावी दुसरी नोकरी धरून गेली. बहिणीने मिस्त्रींना विचारलं, "तू होतास ना तिथे? खरंच एवढं मोठं चुकवलं तिने?"

"होतं असं कधी कधी," मिस्त्री म्हणाले. त्यानंतर ते बहिणीकडे गेले नाहीत.

भाचीच्या जागी नवा माणूस आला. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं, "मिस्त्री, हा एकोणीस कुठून मोजलेला?"

"ठिपक्यापासून."

बोलून झालं आणि मिस्त्री हातातलं सोल्डरिंग आयर्न तसंच धरून उभे राहिले. एवढंच तर होतं. एक शब्द. तो त्यांनी परक्या माणसाला सहज देऊन टाकला होता.

ते तडक मालकांकडे गेले आणि सगळं सांगितलं, थेट लावलेल्या तारेसकट. मालक कपाळाला हात लावून बसले. "मिस्त्री, तेव्हा का बोलला नाहीत? पोरगी हातची घालवली मी." त्यांनी तिथूनच भाचीला फोन लावला आणि मिस्त्रींच्या हातात दिला.

मिस्त्रींनी अडखळत पुन्हा सगळं सांगितलं.

"मला माहीत होतं, मामा," ती म्हणाली. "बोर्ड परत आला तेव्हा पंख्याची तार कुठल्या पायावर आहे, ते मीटर लावून मीच बघितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते."

मिस्त्रींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मालक म्हणतायत, परत ये."

"नको. इथे बरं चाललंय." आवाजात राग नव्हता. राग असता तर मिस्त्रींना सोपं गेलं असतं. "आईला सांगितलंस?"

"नाही."

"मग आधी तिला सांग. रोज फोनवर म्हणते, बाई, जपून काम कर, पुन्हा तसं नको व्हायला. मी हो म्हणते. आणखी किती दिवस हो म्हणू?"

मिस्त्री अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाले. बहिणीच्या इमारतीचे तीन जिने चढताना दोनदा थांबले. तिने दार उघडलं, त्यांना बघून चेहरा फुलला. "अरे, आज कशी आठवण झाली बहिणीची? थांब, पाणी आणते."

"ताई, पाणी राहू दे," मिस्त्री उंबऱ्यातूनच म्हणाले. "तू आधी खाली बस."