सुटं करण्याआधी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. बिजागरी तुटल्यामुळे माझं झाकण भिंतीला टेकवून ठेवावं लागतं आणि चार्जर काढला की माझे डोळे मिटतात. फार बोलायचं त्राण नाही. पण आज बोललो नाही तर राहून जाईल.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवतो तो नंदुरबारच्या दुकानातला पहिला दिवस. घरांचे नकाशे काढून देणाऱ्या योगेंद्रने माझं खोकं उघडलं, नारळ फोडला आणि झाकणाला कुंकू लावलं. त्याचा डाग अजून बिजागरीच्या फटीत आहे. येईल त्याला तो मला कौतुकाने दाखवायचा आणि मीही भलत्याच ताठ्यात असायचो.

मग मला कामाला जुंपलं. गावोगावची घरं आधी माझ्या पडद्यावर उभी राहिली, मग मातीत. नकाशात भिंती, दारं आणि मापं एकमेकांना बांधलेली असतात. भिंत सरकवली की तिचा आकडा आपोआप बदलतो. पण घाईत हे बांधलेपण नकोसं होतं. एक रेघ हलवायला जावं तर अख्खी खोली हलते. अशा वेळी योगेंद्र एक्सचं बटण दाबून आकृतीच सुटी करून टाकायचा. त्याच्या बोटाने माझ्या त्या बटणावरचं अक्षर केव्हाच पुसून गेलं.

सुटी झालेली रेघ कुठेही नेता येते. पण भिंतीपासून तुटलेला आकडा नुसता लिहिलेला मजकूर होऊन बसतो. भिंत सरकली तरी तो बापडा जुनंच माप सांगत राहतो. त्याला कोणी कळवतच नाही.

एकदा कोरीटचे नवलभाऊ नवं घर बांधायचं म्हणून आले. त्यांची आई भिकुबाई चाकाच्या खुर्चीवर असते. नवलभाऊंचं मागणं एकच होतं.

"मायनी खोलीपासून वट्टापर्यंत वाट मोठी ठेवजो भाऊ. तिले कोनले आवाज न देता भाईर येता यावाले पाहिजे."

योगेंद्रने साडेतीन फुटांची वाट ठेवली. पण नकाशा पुरा होत आला तेव्हा नवलभाऊंचा फोन आला. भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवावा लागतो, तेव्हा कापसाची खोली जरा वाढवजो, म्हणाले. दुकानात गिऱ्हाईक ताटकळलेलं होतं. योगेंद्रने एक्स दाबला, सगळं सुटं केलं, भिंत वाटेकडे ढकलली, खोलीचा नवा आकडा टाकला आणि कागद छापला. वाटेवरचा आकडा मात्र साडेतीनच राहिला. मला ते दिसत होतं मित्रांनो, पण आम्हांला विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

चुन्याची फक्की टाकून घर जमिनीवर आखायच्या दिवशी योगेंद्रने मला पिशवीत घालून कोरीटला नेलं. गवंड्याने कापसाची खोली आधी आखली आणि उरेल ती जागा वाट म्हणून सोडली. पूजा झाली. नवलभाऊ म्हणाले, "पहिले माय चालीन नव्या घरमा." आणि त्यांनी आईची खुर्ची पांढऱ्या रेघांच्या आत घेतली.

तिच्या खोलीतून वाटेत शिरताच दोन्ही चाकं फक्कीवर चढली. भिकुबाईने स्वतःच्या हाताने खुर्ची पुढे लोटून पाहिली. रेघा पुसत गेल्या, चाकं पांढरी झाली आणि तिचे हातही. तिथे उद्या भिंती असणार होत्या, हे सगळ्यांनाच कळलं.

"ऱ्हाऊ दे रे नवल," ती हळूच म्हणाली. "कापूस मोठा शे. मी मझारच, खोलीमाच बठी ऱ्हासू."

योगेंद्र कागद आणि जमीन आळीपाळीने बघत होता. त्याचा चेहरा उतरला.

"नही माय, चूक मन्ही शे," तो म्हणाला. "घाईमा मी सगळं तोडी टाकं."

तिथेच विटांच्या थप्पीवर मला उघडून, शेजारच्या घरातून वायर ओढून, त्याने ती भिंत मागे घेतली. वाट नव्याने काढली, माप पुन्हा भिंतीला बांधलं. एक्सला हात लावला नाही. मी तापलो, पंखा घरघरला, तरी बंद पडलो नाही. कापसाची खोली लहान झाली आणि नवलभाऊंनी स्वतःच फक्की नव्याने टाकून घेतली. आता भिकुबाई मनाला येईल तेव्हा एकटी ओट्यावर येऊन बसते.

पण मी थकलो. दुकानात नवा संगणक आला आणि मी फळीवर गेलो. परवा दुरुस्तीवाल्या भटूने मला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "याले आते खोली टाक, सुटं करी टाक. पडदा कोनले तरी कामे ई, बाकी भंगार." योगेंद्र अजून हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही.

तेव्हा मित्रांनो, मला सुटं करायचं तर खुशाल करा. माझा पडदा कोणाच्या उपयोगी पडला तर मला बरंच वाटेल. फक्त स्क्रू काढण्याआधी आत काय काय आहे ते एकदा पाहून घ्या. भिकुबाईची वाट तिथे अजून भिंतीला बांधलेली आहे.