मामांचा जर्मन कम्प्युटर

“पोरीसंगं मराठी बोलत जा बरं का. न्हाईतर माझ्यासाठी मुकी व्हईल ती,” हैदराबादच्या गाडीत आमच्या बॅगा चढवताना मामा म्हणाले. मामा म्हणजे माझे सासरे, रामकिशन. मी तेव्हा पर्समधले पासपोर्ट चाचपत होते. हाव मामा, म्हटलं आणि विसरले. जर्मनीत गेलो तरी घरात आम्ही नवरा-बायको मराठीच बोलणार, मग पोरगी जाईल कुठं, असं वाटलं होतं.

पोरगी बालवाडीत गेली. वर्ष सरलं तेव्हा महामाया झोपेतसुद्धा जर्मन बडबडत होती. आम्ही मराठीत विचारायचं, तिनं जर्मनमध्ये उत्तर द्यायचं. लातूरहून मामांचा व्हिडिओ कॉल आला की ती खांदे उडवून पलंगाखाली शिरायची. मामा तिकडे नुसते हसत राहायचे. मग मीच आपलं, काय जेवलात, गोळी घेतली का, असं विचारत बसायचे. सासूबाई गेल्यापासून त्या घरात ते एकटेच. नातीचं बोलणंही गेलं तर त्यांच्यापाशी काय उरणार, या विचारानं माझं कशात लक्ष लागायचं नाही.

मामा लातूरच्या एमआयडीसीत डाळमिलची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. चाळण्या, हॉपर, एलिव्हेटर, सगळ्यांचे नकाशे तेच काढायचे. आधी पेन्सिलीनं, मग कम्प्युटरवर. एकदा कारखान्याचे मालक विरूपाक्षअप्पा यांचा माझ्या नवऱ्याला, अश्वजितला, फोन आला. तुझ्या बापानं ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची भाषा बदलून जर्मन करून घेतली, म्हणाले. मला तर त्यातलं अक्षर कळत नाही, गिऱ्हाईक शेजारी बसलं की बघत राहतं. डोकं ठिकाणावर आहे ना त्यांचं, जरा विचारून घे.

मला धसकाच बसला. या वयात माणसं कशी हळूहळू विसरत जातात, ते मी माहेरी पाहिलं होतं. मी लगेच फोन लावला. मामा शांत होते.

“कोणतं बटन कुठं हाय ते हाताला ठावं हाय, बाई. हात जातो, काम होतं, मग तिथला शब्द आपोआप कळतो. पोरीचे शब्द शिकून राहिलो.”

अश्वजितनं फोन घेतला आणि उगाच हवापाण्याचं विचारलं.

उन्हाळ्यात आम्ही लातूरला आलो. पहिले काही दिवस महामाया माझी ओढणी सोडेना. मग सुट्टीच्या दिवशी मामा आम्हा दोघींना कारखान्यात घेऊन गेले. वर पत्रा तापलेला, खाली कूलर घरघरतोय. मामांनी चष्मा पुसला, कम्प्युटर सुरू केला आणि एका बटनावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, “क्रेईस.”

ओढणीतून डोकं बाहेर आलं. “क्राइस,” ती म्हणाली. शिक्षिकेसारखे हात कमरेवर.

“क्राइस,” मामांनी मुकाट्यानं दुरुस्त केलं आणि पडद्यावर एक वर्तुळ काढलं. मग ‘फिरवा’चं बटन वाचलं आणि चाळणीचा नकाशा फिरवून दाखवला. तशी ती स्वतःभोवती गरगरा फिरायला लागली, फिरून फिरून कागदाच्या गुंडाळ्यांवर पडली आणि हसत सुटली.

मामा म्हणाले, “आता माझी बारी. एक तुझा, एक माझा. हे गोल. म्हण.”

“गोल,” ती म्हणाली.

कूलरमध्ये पाणी आहे का, ते बघायला मी उठले.

तेवढ्यात अप्पा डोकावले. “रामकिशन, माझी चाळणी काय जर्मनीला विकतो का आता?”

“इकली तर कमिशन नातीला,” मामा म्हणाले.

सुट्टीभर तेच चाललं. भाकरी गोल, परात गोल, चंद्र गोल. ती हुकूम सोडायची, “आबा, फिर,” आणि आबा अंगणात फिरायचे. मी आपली मागून, मामा, चक्कर येईल, म्हणत हात पुढं करून उभी.

परत गेल्यावरही दोघांचं सुरू राहिलं. मामांच्या जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे सकाळ असते. बालवाडीला निघायच्या आधी महामाया बूट घालून फोनसमोर बसायची. मामा पडद्यावरचा एक शब्द वाचायचे, ती सुधारायची, मग त्यांचा शब्द घ्यायची. आडवी, उभी, सरक, पुसून टाक. हळूहळू शब्दाला शब्द जोडून ती बोलायला लागली.

दिवाळीनंतर डोळ्यांमुळे मामांनी काम सोडलं. त्यांच्या जागी आलेल्यानं भाषा बदलून पुन्हा इंग्रजी केली. त्यात त्याची काय चूक? अश्वजित लॅपटॉप पाठवतो म्हणाला. मामांनी नको सांगितलं.

“काम न्हाई तर हात कुठं जाईल? नुसते शब्द माझ्या ध्यानात न्हाई राहात.”

आता महामायाच फोन लावायला सांगते. मराठीत सगळं सांगते. बालवाडीत कोण रडलं, कुणाचा दात पडला. मामा ऐकतात. पण हल्ली बोलणं लवकर आटपतात. फोन असा धरतात की मला नुसता पंखाच दिसतो. परवा क्षणभर चेहरा दिसला, दाढी वाढलेली होती. विचारलं की बरं हाय म्हणतात. आमचं येणं उन्हाळ्याशिवाय जमत नाही.

तुमच्यापैकी कुणी लातूरचं असेल तर एवढं करा. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून त्यांचं घर आहे. जरा जाऊन या. काही नेऊ नका, नुसतं बसा. दार उघडायला त्यांना वेळ लागतो. थोडं थांबा.